४२ मुलांच्या वर्गात गट पाडायचे कसे?

उजळणी

इयत्ता आठवी, पट ४२, विषय गणित आणि विज्ञान, तास ३५ मिनिटांचा. दोघांचे २१ बाक आहेत, जड आहेत, दर तासाला सरकवता येत नाहीत. आठवड्यातून दोन-तीनदा गटकार्य घ्यायचं आहे आणि घोडं अडलंय ते गट पाडण्यापाशीच.

हजेरीच्या क्रमाने पाडले तर वर्षभर तीच चार डोकी एकत्र येतात. ‘तुमचे तुम्ही पाडा’ म्हटलं की मैत्रीच्या टोळ्या होतात आणि चार-पाच मुलं उरतात, दर वेळी तीच. एक हुशार, दोन मध्यम, एक मागे पडलेला असे गट केले तर हुशार लिहितो आणि बाकीचे उतरवून घेतात.

तर गट किती जणांचा असावा? पाडावा कसा? किती दिवस टिकवावा? ४२ ला ४ ने भाग जात नाही, वरच्या दोघांचं काय? तत्त्वं वाचून झाली आहेत, उद्या वर्गात नेता येईल असं काही सांगा.

तिरपी रेघ

तुमची तिसरी तक्रार गटांबद्दलची नाहीच, कामाबद्दलची आहे. वीस गणितांची यादी चौघांच्या हातात दिली तर ती संपवण्याचा सर्वांत जलद मार्ग म्हणजे एकाने सोडवायची आणि तिघांनी उतरवायची. मुलं तो मार्ग अचूक शोधतात, त्यात त्यांची चूक नाही. एकट्याला एकट्याने पुरी करता येईल अशा कामासाठी गट पाडूच नका.

त्याऐवजी असं काम द्या: परिमिती २४ सेंमी आहे आणि बाजू पूर्ण सेंटिमीटरमध्ये आहेत असे सगळे आयत शोधा, सर्वांत मोठं क्षेत्रफळ कोणाचं ते सांगा, आणि एकही आयत राहिला नाही हे कशावरून, तेही सांगा. पहिल्या दोन भागांना एक मूल पुरतं. तिसऱ्या भागाला बोलावंच लागतं. (आयत सहा निघतात, १×११ पासून ६×६ पर्यंत. चौरसाला आयत म्हणायचं का, यावर प्रत्येक गटात वाद होतो. तो होऊ द्या.)

आता आकडा. फ्रेंच कृषी अभियंता माक्सिमिलियां रिंगेलमान यांनी दोर ओढणाऱ्या माणसांचा जोर मोजला होता. निष्कर्ष १९१३ मध्ये छापून आले: माणसं वाढतात तसा एकूण जोर वाढतो, पण माणशी जोर घटत जातो. पुढे १९७९ मध्ये लाटाने, विल्यम्स आणि हार्किन्स यांना टाळ्या वाजवण्यात आणि ओरडण्यातही तेच दिसलं. वर्गात पाचवं मूल आलं की हे उघड दिसायला लागतं. पाच जणांत दोघं दोघं आपसात बोलू लागतात आणि पाचवा खिडकीबाहेर बघतो. म्हणून माझा नियम असा:

पाच मिनिटांच्या आतलं काम असेल तर जोडी, तीही बाकावरचीच. जागा सोडायची नाही.
विचार करायला लावणारं एकच मोठं गणित असेल तर तिघं.
कामाचे वेगवेगळे हात लागत असतील, म्हणजे प्रयोग वगैरे, तर चौघं.

पाच जणांचा गट नाइलाज असेल तरच. भागाकाराची अडचणही त्यातूनच सुटते. बाकी उरलेल्यांना कुठल्या तरी गटात कोंबून पाचाचे गट करायचे नाहीत, काही गट तिघांचे करायचे. हिशेब सोपा आहे. पटाला ४ ने भागा, अपूर्णांक आला तर वरचा पूर्णांक घ्या, तेवढे गट. मग गट गुणिले ४ मधून पट वजा करा, तेवढे गट तिघांचे. ४२ साठी ११ गट. ४४ वजा ४२, म्हणजे २ गट तिघांचे आणि ९ गट चौघांचे. ३७ साठी १० गट, त्यांपैकी ३ तिघांचे. सहाच्या वरच्या कुठल्याही पटाला हे लागू पडतं.

मात्र सकाळचा पट धरून हे करू नका. त्या तासाला समोर बसलेली डोकी मोजा.

पत्त्यांचा कॅट

सरांनी वर म्हटलं त्यातला तिघांचा गट उचलून धरतो आणि पुढची पायरी सांगतो: रोजच्या कामाला गट चिठ्ठीनेच पाडा. आणि मुलांच्या डोळ्यांदेखत. घरून यादी करून आणली आणि ‘ही चिठ्ठीने काढलीय’ म्हटलं तर एकही मूल विश्वास ठेवत नाही. सरांनी मुद्दाम मला हिच्याबरोबर घातलं, असंच म्हणतं. कॅनडातले गणितशिक्षणाचे अभ्यासक पीटर लिलयेडाल याच दोन गोष्टींवर जोर देतात, गट उघडपणे यादृच्छिक हवेत आणि वारंवार बदलायला हवेत. हे पाळलं की काही आठवड्यांत ‘मी हिच्याबरोबर नाही’ ही कुरकुर विरते, कारण उद्या गट बदलणारच असतो.

सर्वांत फसणारी पद्धत म्हणजे मोजायला लावणं. चौघांचे गट हवेत म्हणून ‘एक ते चार मोजा’ सांगितलं की चारच गट होतात, दहा-अकरा जणांचे! गटात किती जण हवेत ते मोजायचं नसतं, गट किती हवेत ते मोजायचं असतं. ११ गट हवेत तर अकरापर्यंत. शिवाय मोजणी पोचायच्या आत मुलं जागा बदलून आपला आकडा जुळवून घेतात. या कामी त्यांचं गणित पक्कं असतं.

म्हणून पत्ते. चौघांच्या गटांसाठी एक्क्यापासून गुलामापर्यंत अकरा दर्जे घ्या, ४४ पत्ते होतात. त्यातले दोन काढून टाका, पण दोन्ही वेगवेगळ्या दर्जाचे, समजा बदामचा गुलाम आणि बदामची दश्शी. राहिले ४२. दर्जा म्हणजे गट. रंग म्हणजे काम: इस्पिक लिहिणार, चौकट साहित्य आणणार, किल्वर वेळ आणि मोजमाप बघणार, बदाम शंका विचारायला माझ्याकडे येणार. काढायचे दोन्ही पत्ते बदामचेच ठेवायचे, कारण ते एकच काम दुसऱ्याकडे सहज जातं.

तिघांचे गट करायचे तर ४२ चे नेमके १४ होतात, आणि कॅटमध्ये दर्जे तेराच. इथे बरेच जण अडतात. सरळ १३ गट करा: तिन्ही रंगांचे ३९ पत्ते आणि चौथ्या रंगाचे कुठलेही तीन. दहा गट तिघांचे, तीन चौघांचे.

पत्ते दारातच वाटायचे, मुलं आत येताना. बसल्यावर वाटले तर पाच मिनिटं गेलीच. पत्ता मिळाल्यावर त्यावर कोपऱ्यात स्वतःचा हजेरी क्रमांक पेन्सिलीने लिहायचा, नाहीतर अदलाबदल होते. तासाच्या शेवटी खोडून परत.

बाकांचं: ११ गटांना दोन-दोन बाक दिले तर २२ लागतात, तुमच्याकडे २१. एक गट फळ्यापाशी उभा करा. खरं तर जमतील तेवढे गट उभेच ठेवा, भिंतीला जुनी कॅलेंडरं उलटी चिकटवली तरी चालतं. उभ्या गटात एकच खडू, एकच मार्कर. दोन मार्कर दिले की तिघांचं दोन अधिक एक होतं. बाकीचे गट पुढच्या बाकावरच्यांनी नुसतं मागे वळून बसायचं, बाक जागचा हलवायचा नाही. कुठला गट कुठे हे फळ्यावर आधीच चौकोन काढून लिहून ठेवा आणि नव्वद सेकंद द्या.

मधला बाक

चिठ्ठी चांगली, पण तिच्यावर सगळं सोडू नये असं माझं मत. चिठ्ठीत कधी चारही चाचपडणारी मुलं एका गटात येतात. एका तासापुरतं ठीक आहे. तीन आठवड्यांचा प्रकल्प असेल तर ठीक नाही. तिथे मिश्र गट मुद्दामच बांधावे लागतात, आणि ते बांधायची रीत बहुतेक ठिकाणी चुकते.

रूढ पद्धत ‘सर्पाकार’. घटक चाचणीच्या गुणांनी उतरती यादी करायची, १ ते ११ डावीकडून उजवीकडे, १२ ते २२ उजवीकडून डावीकडे, असं वळत जायचं. ४२ मुलांवर करून बघा. तिसऱ्या गटात येतात ३, २०, २५ आणि ४२. अकराव्यात ११, १२, ३३, ३४. पहिल्यात फक्त १, २२, २३, दुसऱ्यातही तिघंच, म्हणजे वर्गातल्या पहिल्या दोघांच्या गटात मागचं कोणी नाहीच. गुणांची बेरीज बरी जुळते. पण तिसऱ्या नंबरचं आणि बेचाळिसाव्या नंबरचं मूल एकमेकांशी काय बोलणार? एक जण उत्तर सांगेल, दुसरा लिहून घेईल. तुमची तक्रार हीच आहे.

जोड्या लावताना तर हे आणखी जाणवतं. पहिला आणि शेवटचा, दुसरा आणि शेवटून दुसरा, असं करत गेलं की एका जोडीत ४१ क्रमांकांचं अंतर आणि मधल्या जोडीत, २१ आणि २२ मध्ये, एकाचं. त्यापेक्षा यादी मधोमध कापा. वरची २१, खालची २१, आणि शेजारी ठेवा: १ बरोबर २२, २ बरोबर २३, शेवटी २१ बरोबर ४२. प्रत्येक जोडीत अंतर २१ चं. समजावून सांगण्याइतकं जास्त, पण भाषाच वेगळी वाटावी इतकं नाही. चौघांचा गट हवा तर पहिली जोडी अकरावीला जोडा (१, २२, ११, ३२), दुसरी बारावीला, असं दहाव्या-विसाव्यापर्यंत. शेवटची, एकविसावी, जोडी सुटी राहते. तिला जोडी म्हणूनच काम द्या किंवा दोन चौकड्यांतून एकेक काढून तिला जोडा.

बसवतानाही लक्ष हवं. दोन बाकांच्या चौकोनात पहिल्या आणि शेवटच्या मुलाला तिरकं बसवा, समोरासमोर किंवा शेजारी नको. मग सर्वांत पुढचं मूल शेजारी आणि समोर दोन्हीकडे मधल्यांशी बोलतं.

मधल्या मुलांचा मुद्दा मुद्दाम काढतो, नावाला जागून. नोरीन वेब यांनी १९८० च्या दशकात गणिताच्या गटांतली बोलणी बारकाईने तपासली. समजावून सांगणाऱ्याला त्याचा फायदा होतो आणि नुसतं उत्तर मिळालेल्याला होत नाही, हे त्यातून पुढे आलं. मिश्र गटात वरची मुलं खालच्यांना समजावतात आणि मधली बाजूला पडतात, हेही. १९९६ मध्ये लू आणि सहकाऱ्यांनी अनेक अभ्यास एकत्र तपासले, त्यातही तसंच: मागे असलेली मुलं मिश्र गटात जास्त शिकली, मधली समान पातळीच्या गटात, आणि वरच्यांना फारसा फरक पडला नाही. म्हणजे ‘एक हुशार, दोन मध्यम, एक मागे’ या सूत्रात सर्वांत जास्त संख्येने असलेली मुलंच तोट्यात. वर्षभर एकच सूत्र चालवू नये याचं याहून चांगलं कारण मला ठाऊक नाही.

टिकाव: असे बांधलेले गट चार ते सहा आठवडे ठेवा. त्याच्या आत मोडले तर मुलं एकमेकांना ओळखायच्या आधीच मोडतात. त्याहून लांबवले तर कोण लिहिणार, कोण ऐकणार, हे गोठून जातं.

उजळणी

भरपूर मिळालं. दोन गोष्टी अजून विचारतो. एक, नेहमी उरणाऱ्या मुलांचं चिठ्ठीने त्या तासापुरतं भागेल, पण लांबच्या प्रकल्पात त्यांना कुठे घालायचं? दोन, पातळीनुसार गट कधीच करू नयेत का? बेरीज-वजाबाकीच्या चिन्हांतच अडलेल्या मुलांना मिश्र गटात बसवून उपयोग होत नाही.

कोरी पाटी

पहिल्याचं आधी. छोटी चिठ्ठी द्या: ‘ज्यांच्याबरोबर तुझं काम चांगलं होईल अशी तीन नावं लिही.’ ‘चांगलं काम होईल’ हे शब्द महत्त्वाचे, ‘आवडतात’ नको. ‘कोण नको’ हे कधीच लेखी विचारू नका. ते कागद फुटतात आणि मग निस्तरता येत नाही. सांगतानाच सांगा की तिघांपैकी एक जण नक्की मिळेल, तिघंही मिळतील असं नाही. मग कागदावर नावं मांडून बाण काढा. जेकब मोरेनो यांनी १९३० च्या दशकात ही आकृती रूढ केली. ज्यांच्याकडे एकही बाण येत नाही ती तुमची उरणारी मुलं.

गट बांधताना सुरुवात त्यांच्यापासून करा. शेवटी उरलेल्या जागेत त्यांना बसवलं तर पुन्हा तेच झालं. त्यांनी लिहिलेल्या तिघांपैकी सर्वांत शांत, सगळ्यांना धरून चालणारं मूल त्यांच्या गटात घाला. दोन उरणारी मुलं एकाच गटात टाकायचा मोह टाळा. आणि एका घट्ट मैत्रीतल्या तिघांच्या गटात चौथी म्हणून एकटीला कधी पाठवू नका. तिथे ती गटात असूनही बाहेरच राहते. मुलगे-मुलींचंही तसंच. चौघांत दोन-दोन किंवा चारही सारखे. तीन मुलग्यांत एक मुलगी असेल तर वही-पेन तिच्या हातात जातं आणि साहित्य त्यांच्या.

गटात कोणाचं ऐकलं जातं हे बुद्धीपेक्षा वर्गातल्या वजनावर ठरतं. स्टॅनफर्डच्या एलिझाबेथ कोहेन यांनी यावर बरंच काम केलं. त्यांचा एक उपाय सहज जमतो. कमी वजनाच्या मुलाने गटात काही नेमकं केलं की ते मोठ्याने, नेमक्या शब्दांत सांगायचं: ‘कोष्टक लांबीच्या क्रमाने लावायची कल्पना हिची, त्यामुळे राहिलेला आयत सापडला.’ खरं असेल तेव्हाच. नुसतं ‘शाब्बास’ म्हणून काही होत नाही, आणि खोटी स्तुती मुलांना लगेच कळते.

आता पातळी. पातळीनुसार नको, चुकीनुसार गट करा. हा फरक शब्दांचा नाही. कंस सोडवणं घ्या. तासाच्या शेवटी एकच पदावली द्या, −३(क्ष − २), आणि सुटे कागद गोळा करा. तीन ढीग होतात. बरोबर: −३क्ष + ६. चिन्हाची चूक: −३क्ष − ६. फक्त पहिल्या पदाला गुणलं: −३क्ष − २. दुसऱ्या आणि तिसऱ्या ढिगाला वेगवेगळा उपाय लागतो आणि त्या ढिगांत दर वेळी तीच मुलं नसतात. चाचणीत पहिला आलेला बऱ्याचदा चिन्हात सापडतो. दुसऱ्या दिवशी १२ ते १५ मिनिटं या ढिगांप्रमाणे बसवा. बरोबरवाल्यांना उलटं काम: उत्तर ८ − ४क्ष येईल अशा कंसाच्या जमतील तेवढ्या रचना शोधा. तुम्ही एका ढिगापाशी सात मिनिटं, मग दुसऱ्यापाशी. ढिगात आठच्या वर मुलं असतील तर बोलण्यासाठी त्यांच्यातच जोड्या करा. मग गट मोडायचे. त्यांना नाव द्यायचं नाही, क्रमांकही नाही. ‘खिडकीजवळचे’ एवढं पुरे. पाखरांची नि फुलांची नावं देऊन पातळी लपवतात, पण कोणतं पाखरू मागे आहे हे पहिल्याच आठवड्यात सगळ्या वर्गाला कळतं.

तिरपी रेघ

विज्ञानाचं राहिलं होतं. प्रयोगात गट किती जणांचा हे साहित्याचे संच ठरवतात असं म्हणतात, पण हातांची कामं मोजून ठरवा आणि संच कमी पडले तर वर्ग दोन भागांत फिरवा. लंबकाचं उदाहरण घ्या. एक जण सोडणार, एक आंदोलनं मोजणार, एक घड्याळ धरणार, एक नोंदवणार. चारच. दोऱ्याच्या लांब्या २५, ५०, ७५ आणि १०० सेंमी, प्रत्येकी २० आंदोलनं. लांबी बदलली की कामही बदलायचं, म्हणजे चार फेऱ्यांत प्रत्येकाच्या हाती चारही कामं येतात. मोजायला अनुक्रमे सुमारे २०, २८, ३५ आणि ४० सेकंद लागतात, त्यामुळे एका तासात आरामात बसतं. तिघांच्या गटात सोडणारा आणि मोजणारा एकच. घड्याळ आणि मोजणी एकाकडे दिली तर आकडे हमखास चुकतात.

पत्त्यांचा कॅट

एक राहिलं, ‘जिगसॉ’. एलियट ॲरनसन यांनी १९७१ मध्ये ऑस्टिनमध्ये सुरू केलेली पद्धत: धड्याचे भाग करायचे, मूळ म्हणजे ‘घरच्या’ गटातला प्रत्येक जण एक भाग घेऊन तोच भाग घेतलेल्यांच्या ‘तज्ज्ञ’ गटात जातो, परत येऊन आपल्या गटाला शिकवतो. वाचायला सुंदर. ४२ मुलांत आकड्यांनी फसते. चार भाग आणि ११ घरचे गट म्हणजे एकेका तज्ज्ञ गटात दहा-अकरा जण, तो गट राहत नाही, सभा होते. प्रत्येक भागाचे तीन-तीन उपगट पाडा, तीन-चार जणांचे. तिघांच्या घरच्या गटाला चौथा भाग शेजारच्या गटाबरोबर बसून ऐकायला लावा. आणि एक जण गैरहजर असला की त्याचा भाग गटातून गायब होतो, म्हणून प्रत्येक भागाचं एका पानाचं टिपण तुमच्याकडे तयार हवं. ३५ मिनिटांत पूर्ण होत नाही. पहिल्या दिवशी तज्ज्ञ गट, दुसऱ्या दिवशी घरचे.

मधला बाक

गुणांबद्दल कोणी बोललं नाही म्हणून. गटाला सरसकट गुण देऊ नका, उतरवून घेण्याला तेवढंच प्रोत्साहन पुरतं. वेळ संपली की फासा टाका किंवा कॅटमधून एक रंग ओढा. इस्पिक आलं तर प्रत्येक गटातल्या इस्पिकवाल्याने उठायचं आणि ‘हे असं का’ ते सांगायचं. त्याला जमलं तर गटाला शेरा. कोण उठणार हे आधी माहीत नसल्यामुळे समजावून सांगणं गटाच्याच फायद्याचं होतं. पण बोलायला घाबरणारं मूल असेल तर उठायच्या आधी गटाला एक मिनिट कुजबुजायला द्या.

उजळणी

सोमवारी परिमितीचं गणित, १३ गट, पत्ते दारात. लांबच्या प्रकल्पासाठी तीन नावांच्या चिठ्ठ्या या आठवड्यात घेतो. तिघांच्या गटांत शंका विचारणारं काम इस्पिककडे देऊ की किल्वरकडे?

पत्त्यांचा कॅट

किल्वर. इस्पिक लिहिण्यात गुंतलेला असतो, तो उठला की गट थांबतो.